सैल कुर्ता

डॅलसच्या उपनगरात राहायला आल्यापासून मला दारं वाचायची सवय लागलीये. किराणा दुकान, दवाखाना, थिएटर. दारावर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लांबलचक पाटी, त्यात कलम ३०.०६. म्हणजे परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणायचं नाही. उघडं कमरेला लावणाऱ्यांसाठी ३०.०७, बिनपरवानावाल्यांसाठी ३०.०५. एकाच गोष्टीला तीन एरर कोड.

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तुलासाठी परवाना लागत नाही. तरी लोक तो काढतात, कारण दुसऱ्या राज्यात गेलं की नियम बदलतात. व्हर्मॉन्टने परवाना कधी मागितलाच नाही, इलिनॉयने २०१३ पर्यंत तो द्यायची सोयच केली नव्हती. माझ्यापुरता प्रश्न मिटलेला आहे. एच-वन-बी व्हिसावाल्याला शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद सोडले तर बंदूक जवळ ठेवताच येत नाही.

पोलिसांना हा राज्याराज्यांचा घोळ सोडवावा लागत नाही. २००४च्या केंद्रीय कायद्यामुळे पात्र पोलीस ड्युटीवर नसतानाही, खात्याचं ओळखपत्र खिशात ठेवून, लपवलेलं पिस्तूल कुठल्याही राज्यात नेऊ शकतो. माझे मामा साताऱ्याकडे हवालदार होते. बंदोबस्ताची रायफल काम संपलं की ठाण्यात जमा, घरी लुंगी आणि पेपर. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "मग तो माणूस सुट्टीवर असतो तरी कधी रे?"

२८ मे २००९ ला ओमर एडवर्ड्स नावाचा २५ वर्षांचा न्यूयॉर्क पोलीस ड्युटी संपवून बाहेर पडला. हार्लेममध्ये त्याच्या गाडीत कुणीतरी घुसलं होतं. हा साध्या कपड्यांत, हातात पिस्तूल घेऊन चोरामागे धावला. दुसऱ्या पोलिसांना दिसला तो हातात पिस्तूल घेऊन पळणारा काळा माणूस. त्यांच्यातल्या एकाने गोळ्या झाडल्या, एडवर्ड्स मेला. पुढच्या वर्षी राज्याच्या समितीने जुन्या घटना तपासल्या. १९८२ नंतर देशात अशाच गैरसमजातून मारल्या गेलेल्या, ड्युटीवर नसलेल्या १० पोलिसांपैकी ९ गोरे नव्हते. बिल्ला खिशात होता, पण दिसला तो आधी रंग.

हे सगळं मी शोधून वाचलं ते आमच्या गणपतीमुळे. मंडळ दरवर्षी एक ऑफ-ड्युटी पोलीस तासांवर बोलावतं, गणवेशात. पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढतात, तो मोदक खातो. यंदा कमिटीत एका काकांनी सुचवलं, "आपल्यातल्या सिटिझन लोकांकडे आहेतच की. चार-पाच जणांनी गर्दीत गुपचूप जवळ ठेवून फिरायचं." बऱ्याच माना डोलल्या. अमेरिकेत देवळांत, चर्चमध्ये काय काय घडलंय ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे काकांची भीती खोटी नाही.

मी त्या पोलिसालाच विचारलं. तो म्हणाला, "आवाज झाला आणि मी धावत आलो, तर झब्बा घातलेल्या पाच माणसांच्या हातात पिस्तुलं. त्यातला तुमचा कोण, हे मला कोण सांगणार?"

हे मी मीटिंगमध्ये जसंच्या तसं सांगितलं, एडवर्ड्सचंही सांगितलं. प्रस्ताव ३ मतांनी पडला. गणवेशातले दोन पोलीस ठरले, वर्गणी वाढली. भाड्याच्या हॉलच्या दारावर ती पाटी लावा म्हणालो, मालक म्हणाला गिऱ्हाईक जाईल.

काका रुसले नाहीत. पहिल्या आरतीला वेळेवर आले, टाळ वाजवत माझ्या शेजारी उभे राहिले. कुर्ता जरा सैलच होता. मी विचारलं नाही.