लाल रंग कुठे ठेवायचा?

संगणकाला लाल रंग दिसत नाही, आकडा दिसतो. डॉटनेटमधला लाल रंग पूर्णांक म्हणून डेटाबेसमध्ये ठेवला, की तिथे उणे ६५५३६ उमटतं. पांढऱ्याचा आकडा उणे १. पारदर्शकता, लाल, हिरवा, निळा यांना प्रत्येकी आठ बिट मिळतात. ३२ बिटांची ती संख्या ऋण वाचली जाते, एवढंच.

एका सहकारी बँकेसाठी मी कर्जवसुलीचा तक्ता नव्याने करत होते. हप्ता थकला की ओळ पिवळी, मग नारिंगी, ९० दिवस उलटले की खातं एनपीए आणि ओळ लाल. जुन्या प्रोग्राममध्ये रंगाचा आकडा थेट कर्जदाराच्या नोंदीतच होता. त्याने सगळी थकबाकी फेडली, तरी कुणी हाताने बदलेपर्यंत तो लालच. शाखेत विचारायचेही तसंच, "आज लाल किती?"

वसुली विभागातल्या काकांना लाल-हिरव्यातला फरक कळत नव्हता. ते वर्षानुवर्षं रंग सोडून दिवसांचा रकाना वाचत आले होते. मला म्हणाले, "मॅडम, मला सगळे सारखेच दिसतात."

मी नोंदीतून रंग काढून टाकला. तिथे उरली फक्त थकलेल्या हप्त्याची तारीख. तिच्यावरून अवस्था रोज काढायची, आणि कुठल्या अवस्थेला कुठला रंग हे वेगळ्या टेबलात ठेवायचं. त्या टेबलात बँकेचा ठरलेला रंग. एखाद्याने स्वतःसाठी दुसरा निवडला, तर फक्त त्याच्या नावावर एक जास्तीची ओळ. काकांनी एनपीएसाठी गडद निळा घेतला. बाकीच्यांच्या स्क्रीनवर काही हललं नाही. डार्क मोडसाठी वेगळा संच केला, कारण पिवळ्यावर पांढरी अक्षरं वाचताच येत नाहीत. प्रत्येक ओळीत अवस्था शब्दांतही लिहिली.

मॅनेजर साहेब नाराज होते. "लाल ठेवा, धाक राहतो," म्हणाले. लाल त्यांच्या स्क्रीनवर आहेच. पण आता पैसे भरले, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो आपोआप जातो, त्यासाठी कर्जदाराला कुणाच्या टेबलापुढे उभं राहावं लागत नाही.

तुम्हीही एखादा तक्ता करत असाल, तर रंग माणसाच्या नोंदीत ठेवू नका. तो बघणाऱ्याच्या खात्यात ठेवा.