तारण

बँकेत चिकटण्याच्या कितीतरी आधी ‘तारण’ हा शब्द मी ऐकला तो आमच्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंच्या ओट्यावर. नगरला (आता त्याचे अहिल्यानगर झाले आहे) आमची नि त्यांची भिंत एक होती. दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट जाई. नाताळात तेच ताट करंज्यांनी भरून परत येई. बाई शाळेत शिकवीत. कोणालाही ‘अरे गाढवा’ म्हणून हाक मारीत. पण देवाचा विषय निघाला की आवाज खाली येई. “प्रभूनं माझं तारण केलंय,” एवढेच सांगत.

पुढे बँकेत पाहतो तो तारण म्हणजे गहाण! पाटल्या तारण ठेवायच्या, हप्ते थकले की नोटीस, मग लिलाव. एकदा सुटीत घरी गेलो असता बाईंना चेष्टेने विचारले, “बाई, तुमच्या तारणाचे हप्ते थकले तर हो?”

बाई हसल्या नाहीत. “अरे गाढवा, हप्ते भरायचे असते तर त्याला कृपा कशाला म्हणायचं?”

हा प्रश्न काही माझ्याच टवाळ डोक्यातून निघालेला नव्हता. हॉलंडमध्ये डॉर्ट येथे १६१८-१९ साली भरलेल्या धर्मसभेने कौल दिला, की देवाने ज्याला निवडले तो धडपडला तरी अखेर त्याच्या हातून निसटत नाही. जॉन वेस्लीला हे मान्य नव्हते. माणूस पाठ फिरवू शकतो, असे तो म्हणे. रोमन कॅथॉलिकांच्या ट्रेंटच्या सभेने तर १५४७ मध्येच बजावले होते, की खास साक्षात्कार झाल्यावाचून अशी छातीठोक खात्री कोणी बाळगू नये. आपल्याकडे दक्षिणेतल्या वैष्णवांनी हा वाद माकडीण आणि मांजरीवर सोपवला. माकडिणीचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते. मांजरीच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. बाई अर्थातच मांजरीच्या पक्षाच्या.

पण ते पिल्लूच म्हणू लागले, की बाकीच्यांना उचलले नि मला तेवढे टाकले, तर?

असा एक माणूस होऊन गेला. विल्यम कूपर. (लिहितात ‘कौपर’सारखे, आमचे मास्तर तसेच म्हणत.) त्याच्या ‘जॉन गिल्पिन’ने आम्हांला शाळेत पोट धरून हसवले होते. घोडा उधळतो, टोप उडतो आणि स्वारी भलत्याच गावाला पोचते! हा माणूस १७६४ साली वेड्यांच्या इस्पितळात बायबल वाचत असता त्याला आपल्या तारणाची खात्री पटली. पुढे ऑल्नी गावी जॉन न्यूटन या धर्मोपदेशकाच्या सहवासात त्याने साठांहून अधिक स्तोत्रे लिहिली. आणि १७७३ च्या आरंभी एका रात्री स्वप्नात त्याला कळून चुकले, की आपला निकाल लागला, आपण बुडालो. त्यानंतर त्याने प्रार्थनामंदिराची पायरी चढली नाही. गंमत अशी (छे, गंमत कसली!) की तारण कायमचे असते हे तो नाकारीत नव्हता. नियम खरा, त्याला अपवाद एकच आणि तो मी, असे त्याचे म्हणणे. १७८२ मधला गिल्पिन या अंधारातला. न्यूटनने त्याची समजूत घालायची शिकस्त केली, पण मला त्याहून मोठे वाटते ते हे, की आजारी कूपरला त्याने वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले.

हे मी वाचले निवृत्तीनंतर, नगरला परत येऊन राहिल्यावर. तोवर बाईंनी पंच्याऐंशी ओलांडली होती. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला.

“माझं तारण गेलं रे. प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत.”

मी काय बोलणार? ना त्यांच्या धर्माचा, ना आपल्या धर्माचे धड काही पाळणारा. उशाशी त्यांचा मुलगा बसला होता. वडिलांशी भांडून त्याने चर्च सोडले त्याला चाळीस वर्षे झाली होती. बाईंनी त्याबद्दल त्याला कधी टोकले नाही, आमच्याजवळही तक्रार केली नाही.

काहीतरी बोलायचे म्हणून मी कूपरची हकीगत सांगितली. १८०० साली तो गेला, तेव्हा जवळ असलेल्या जॉन्सन नावाच्या नातलगाने लिहून ठेवले आहे, की त्याच्या चेहऱ्यावर शांती होती आणि तिच्यात काहीसे पवित्र आश्चर्य मिसळल्यासारखे दिसत होते.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “त्या बिचाऱ्याला सांगणारं कुणी नव्हतं?”

“होते की. सगळेच सांगत होते.”

मुलगा उठला. फळीवरचे बायबल काढून त्याने चष्मा लावला आणि पाने उलटू लागला. मेंढपाळाच्या हातून मेंढरे कोणी हिसकावून घेऊ शकत नाही असे जिथे म्हटले आहे, ती जागा तो शोधत होता. ती काही केल्या सापडेना. मत्तय झाले, लूक झाले.

“अरे गाढवा,” बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, “योहान. दहावा अध्याय.”