अस्सल कोण, मिश्र कोण?

आमच्या परसात चौदा कोंबड्या आहेत. कुणी पाहुणा आला की हमखास विचारतो, "कोणत्या जातीच्या?" आई म्हणते, "जात कसली? गावच्या आहेत!"

बालमित्रांनो, आईचं उत्तर अगदी बरोबर आहे. 'गावठी' ही काही एक जात नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या गावभर हिंडणाऱ्या कोंबड्यांचं ते मिश्रण. म्हणून तर एक तांबडी, एक कबरी, तर एक बोडक्या मानेची! जात म्हणजे असील, जात म्हणजे कडकनाथ. 'गिरिराज' मात्र बंगळूरच्या कृषी विद्यापीठात मुद्दाम संकर करून तयार केलेली कोंबडी.

हे सगळं आमच्या घरी ऐरणीवर आलं ते माझ्या पुतण्यामुळे. त्याला शाळेच्या सहलीसाठी पैसे हवे होते. शेजारच्या वस्तीवर कडकनाथ कोंबडा आहे. आमच्या तांबडीला त्याच्यापासून पिल्लं झाली. त्यातला एक कोंबडा आणि एक तलंग, दोघंही काळीकुट्ट. पुतण्या म्हणाला, "आत्या, कडकनाथ म्हणून विकूया ना! गावठीपेक्षा कितीतरी जास्त पैसे येतील."

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला. तिथल्या भिल्ल आणि भिलाला लोकांनी तो जपला. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचं काळेपण नुसत्या पिसांत नसतं. कातडी, मांस, हाडांवरचा पापुद्रा, सगळं काळसर. तुरा आणि जीभ जांभळट-काळी. अंडी मात्र काळी नसतात हं! ती फिकट बदामी असतात.

मी पुतण्याला म्हटलं, "आधी तपासू." कोंबड्याचा तुरा चक्क लालभडक होता. छातीवरची पिसं फुंकर मारून बाजूला केली, तर खाली पांढरी कातडी. म्हणजे नुसता अंगरखाच काळा! तलंग मात्र फसवी निघाली. तुरा काळपट, जीभ काळपट, कातडीही राखाडी. एकाच आईबापांची भावंडं, मग असं कसं?

त्यात एक गंमत आहे. आमच्या तांबडीचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत. अशा कोंबडीकडे कातडीचं काळेपण दाबणारा एक गुण असतो. तो ती फक्त मुलग्यांना देते, मुलींना देत नाही. म्हणून लेकात बापाचा काळा रंग दबला आणि लेकीत उघडा पडला.

"मग ही तरी कडकनाथच म्हणायची!" पुतण्या खूश झाला. आई म्हणाली, "थांब. हिची पिल्लं बघू."

तलंग अंड्यावर आली. आमच्याच गावठी कोंबड्यापासूनची तिची नऊ अंडी दुसऱ्या एका खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. तीन जराशी सावळी, चार अगदी साधी! अस्सल कडकनाथची जोडी असती, तर सगळी पिल्लं आईबापांसारखीच काळी झाली असती. जातीची खरी ओळख हीच. एक पक्षी बघून ती नेहमीच कळत नाही, ती पुढच्या पिढीत कळते. गिरिराजची अंडी उबवली तरी हुबेहूब गिरिराज मिळत नाही, तेही याचमुळे.

पण म्हणून मिश्र म्हणजे हलकं असं समजू नका. कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या पायांचा गुण आपल्या सह्याद्रीत राहणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असं शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं. जगभरातल्या कितीतरी 'अस्सल' जातींचे पाय पिवळे आहेत. म्हणजे अस्सलांच्या घरातही पाहुणा येऊन गेलाच की! आणि आमची कबरी गावठी पिल्लांना घेऊन घारीवर धावून जाते, ते काय कमी आहे?

मिश्र असण्यात काही वाईट नाही. मिश्र पक्षी अस्सल म्हणून विकणं वाईट. तलंग बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला कडकनाथची पैदास करायची होती. खोटं सांगितलं असतं, तर त्याचं वर्ष फुकट गेलं असतं. पुतण्यानं त्याला स्वतःच सांगितलं, "काका, बाप कडकनाथ आहे, पण आई गावठी." गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. पुतण्याला अंडी विकून सहलीचे पैसे जमवायला दिवाळी उजाडली, पण जमले.

तुमच्याकडे कोंबड्या असतील, तर एक वही करा. तुऱ्याचा आकार, पायांचा रंग, पिसांखालच्या कातडीचा रंग आणि कोणत्या कोंबडीला कशी पिल्लं झाली, सगळं लिहून ठेवा. फुंकर मात्र हळूच मारा बरं का, कोंबडीला ते मुळीच आवडत नाही!