हाती आलेला स्वर्गपक्षी

पक्ष्यांवर जीव जडलेला माणूस पक्ष्यांचा जीव घेतो कसा? आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे मलाय द्वीपसमूहाचे प्रवासवर्णन वाचताना हा प्रश्न आम्हांला पानोपानी अडवीत होता. १८५४ ते १८६२ या आठ वर्षांत त्यांनी १,२५,६६० नमुने जमविले. त्यांत ८,०५० पक्षी होते. जमविणे म्हणजे बंदुकीने टिपणे, कातडे सोलणे, सोमलाचा लेप देणे आणि मुंग्यांपासून राखणे. नमुन्यांच्या विक्रीवरच त्यांचा निर्वाह चाले.

१८५७ साली ते न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवर उतरले. तेथे एके दिवशी त्यांच्या मदतनिसाने एक चिमुकला स्वर्गपक्षी आणून दिला. अंग हिंगुळासारखे तांबडे, पोट शुभ्र, शेपटीच्या दोन तारांच्या टोकांना पाचूच्या रंगाच्या चकत्या! वॉलेस हरखून गेले आणि त्याच क्षणी खिन्नही झाले. युगानुयुगे हे सौंदर्य त्या अरण्यात कुणी न पाहता जन्मले आणि मावळले. उद्या सुधारलेला माणूस तेथे पोहोचला, तर ज्याला या सौंदर्याची पारख आहे, त्याच्याच हातून त्याचा नाश होईल. तेव्हा सारी सृष्टी माणसासाठी घडविलेली नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. बंदूक मात्र त्यांनी खाली ठेवली नाही.

त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. दहाव्या वर्षी आम्ही वाडीत गलोलीने एक बुलबुल पाडला होता. त्याच्या शेपटीखालचा तांबडा रंग इतक्या जवळून आम्ही प्रथमच पाहिला, तो तळहातावर निवत चाललेल्या देहावर. आजीने एवढेच विचारले, “आता हा कुणाचा?” आम्ही निरुत्तर झालो. पुढच्या कुमसारात आंबे चोरल्याचे सांगितले. बुलबुल मात्र गाळला.

२०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात शिकविले, की इतर जीवांचे अंतिम प्रयोजन माणूस नव्हे. माणसासह सारे देवाकडेच वाटचाल करीत आहेत. चर्चपासून दूर असलेल्या एका संशोधकाला या सत्याची अर्धी बाजू आरूच्या रानात, मेलेला पक्षी हाती धरून उमगली होती. उरलेली अर्धी आजीच्या प्रश्नात होती. त्याचे उत्तर आज आम्हांला ठाऊक आहे. ते त्या कुमसारातच द्यावयास हवे होते.