लुनाचा दिवा

मराठीचा प्राध्यापक आणि यंत्र ह्यांचे वैर जुने आहे. समासाचा विग्रह मी झोपेतही करून दाखवीन. पण घरातला फ्यूज उडाला, की शेजाऱ्यांना हाक मारण्यापलीकडे माझ्या हातून काही होत नाही. असा मी ह्या पावसाळ्यात एका जुन्या लुनाच्या दिव्यामागे लागलो होतो, असे सांगितले तर माझ्या विद्यार्थ्यांना ते अतिशयोक्ती अलंकाराचे उदाहरण वाटेल!

लुना आमच्या अण्णांची. १९७२ साली ही ५० सीसीची चिमुकली गाडी बाजारात आली आणि सायकलवर उभा जन्म काढणाऱ्या कितीतरी माणसांना तिने पहिल्यांदा इंजिनाचे सुख दाखविले. अण्णांनी आपली लुना १९८८ साली घेतली. ते प्राथमिक शिक्षक. चौथीच्या शिष्यवृत्तीचे जादा तास संपवून ते घरी निघत, तेव्हा पार काळोख पडलेला असे. मी ओसरीवर बसून वाट पाहात असे. आधी फटफट ऐकू येई, मग रस्त्यावर उजेड दिसे. गंमत अशी, की हा उजेड सरळ रस्त्याला झळझळीत असे, आणि चिंचेजवळचे वळण आले की मालवल्यासारखा होई. मला वाटे, चिंचेवरच्या भुताला भिऊन अण्णा दिवा बारीक करतात!

ह्या वर्षी माझ्या मुलीला सोळा वर्षे पूर्ण झाली. ह्या वयाला ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, हे तिला तोंडपाठ होते. वृत्तांचे गण इतके तोंडपाठ असते, तर मी धन्य झालो असतो! "आजोबांची लुना मला द्या," म्हणून तिने हट्ट धरला. अण्णांना जाऊन तीन वर्षे झाली होती. गाडी पडवीत गोणपाटाखाली उभी होती. मिस्त्रीला बोलावले. त्याने प्लग साफ केला, कार्ब्युरेटर धुतला, नवे टायर चढविले. पायडल मारताच स्वारी खोकत खोकत सुरू झाली. दिवा मात्र लागेना.

"सर, कशाला त्या जुन्या दिव्याच्या मागं लागता?" मिस्त्री म्हणाला. "छोटी बॅटरी बसवू, एलईडी लावू. गाडी उभी असली तरी झगझगीत!"

मला ते पटेना. लागायचा तर अण्णांचाच दिवा लागला पाहिजे, असे मी बजावले. तेव्हा त्याने हसून मला शेजारी बसविले आणि चक्क माझा तास घेतला.

ह्या गाडीला बॅटरीच नाही. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकात लोहचुंबक असतात. ते फिरू लागले, की आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. इंजिन जोरात, तर दिवा जोरात. इंजिन सावकाश, तर दिवा मंद. म्हणजे वळणावर, खड्ड्यापाशी, समोर गुरे आली असता, जेव्हा माणूस वेग आवरतो आणि त्याला उजेड हवाच असतो, नेमका तेव्हाच दिवा पाठ फिरवणार! इतक्या वर्षांनी चिंचेवरचे भूत उतरले.

आणखी एक. पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा एकाच वेटोळ्यावर पोसलेले. मागचा गेला, की त्याच्या वाटची वीज पुढच्याच्या अंगावर येते, आणि गाडी पळू लागली की तोही उडतो. "जोडीनं जगतात सर ते," मिस्त्री म्हणाला. रूपक अलंकार मी वीस वर्षे शिकवीत आहे. इतके नेटके उदाहरण मला सुचले नव्हते.

त्याने एक सुटा बल्ब घेतला, वेटोळ्याची तार त्याला लावली आणि बल्बचे अंग गाडीच्या लोखंडाला टेकविले. इंजिन सुरू करताच बल्ब लागला. वीज होती, ती दिव्यापर्यंत पोचत नव्हती. पुढच्या डुमाचे स्क्रू गंजून बसले होते. त्यांना रात्रभर तेल पाजले. दुसऱ्या दिवशी डूम उघडला. बल्ब शाबूत होता. बल्बकडे जाणारी तार मात्र सोडविलेली होती, आणि तिच्या टोकाला काळी पट्टी गुंडाळली होती. अण्णा आमच्या पुस्तकांना कव्हरे घालीत, तितकी नीट.

"ही तुटलेली नाही सर," मिस्त्री म्हणाला. "कुणीतरी काढून ठेवलीय."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "ह्यांनीच काढली ती. तू बोललास ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मला आठवले. २०१७ साल. पारावरची मंडळी भेटून परत येताना अण्णा चरात पडले होते. लागले थोडेच होते, पण मी घाबरलो, आणि वर्गातला आवाज काढून म्हणालो, "अण्णा, ह्यापुढं रात्री गाडी चालवायची नाही!" ते फक्त "बरं" म्हणाले.

"दिवा असला की जावंसं वाटतं, असं म्हणाले," आई सांगत होती. "तेव्हापासून त्यांचं पारावर जाणं सुटलं बघ."

पारावर जाणे सुटले, ते मी वयावर घातले होते. मी बोललो ते चुकीचे होते, असे मला आजही वाटत नाही. पण बोलून मी मोकळा झालो. संध्याकाळी त्यांना पारावर नेऊन आणायला मला अर्धा तास पुरला असता. ते काही सुचले नाही.

मिस्त्रीने पट्टी सोडविली, तार जोडली. मी पायडल मारले. पडवीच्या भिंतीवर पिवळा उजेड थरथरला, आणि मुलीने टाळ्या पिटल्या. "रात्रीची गाडी न्यायची नाही हं," हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते मी गिळले आणि मिस्त्रीला म्हणालो, "तुमचा तो बॅटरीचा दिवाही शेजारी बसवून टाका."

लॅटिनमध्ये लुना म्हणजे चंद्र. लक्ष्मीपूजन येते अमावास्येला. त्या रात्री आईला मागे बसवून पारापर्यंत जाऊन यायचे, तेही अण्णांच्याच दिव्यावर, असे मी ठरविले आहे. आई तयार आहे. तिची अट एकच: गाडी अगदी सावकाश चालवायची.

म्हणजे दिवा मंदच असणार!