टिपणाच्या मागची बाजू

पीएच. डी.चा विद्यार्थी अडतो तो सिद्धान्तापाशी नव्हे, टिपणापाशी. तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबरीवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे उदाहरण बोलके आहे. तीन वर्षांत तिने चारशेहून अधिक टिपणे केली. परंतु बहुतेकांवर ना आवृत्ती, ना पृष्ठांक. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची; तिच्या हाती होती उत्तरकालीन आवृत्ती, आणि अवतरणांखाली वर्ष पडले १८५७! पुन्हा ग्रंथालय गाठावे तर रजा शिल्लक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी स्त्रियांना दोन वर्षांची वाढीव मुदत देऊ केली आहे. रजेचा प्रश्न त्याने सुटत नाही.

मार्गदर्शक रागावले नाहीत. शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची 'मराठी ग्रंथसूची' तिच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "आधी सहाच कादंबऱ्या ठेवा. प्रत्येक टिपणाच्या मागे आवृत्ती, पृष्ठ, ग्रंथालयाचा दाखल क्रमांक लिहा. प्रकरणाचे नंतर पाहू." विषय आक्रसल्याचे तिला दुःख झाले. (विस्तारालाच व्यासंग समजण्याची खोड मराठी विभागांत जुनीच.) दिवाळीच्या सुट्टीत तिने एकशे दहा टिपणे मूळ प्रतींशी ताडून पाहिली, उरलेली खोक्यात बांधून माळ्यावर टाकली.