गोठलेलं बीज उबेला आणताना

मी पुण्यातल्या एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. स्त्रीबीज गोठवताना माझे हात स्थिर असतात. धाकधूक होते ती ते पुन्हा उबेला आणताना.

बीज जेमतेम ०.१२ मिलिमीटरचं, पण पाण्याने भरलेलं. त्या पाण्याचा बर्फ झाला तर आतली रचना फाटते. म्हणून ते इथिलीन ग्लायकॉल, डीएमएसओ आणि साखरेच्या दाट द्रावणात ठेवायचं, बारीक पट्टीवर घ्यायचं आणि उणे १९६ अंशांच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचं. मग बर्फाऐवजी काच होते. पण दाट द्रावण बीजाला विषारी, त्यामुळे मिनिटभरात सगळं उरकावं लागतं.

बाहेर काढताना तापमान हळू चढलं, तर त्या काचेतच बर्फ धरतो. म्हणून पट्टी थेट ३७ अंशांच्या द्रावणात. आक्रसलेलं बीज बघता बघता भरून येतं. एखादं मात्र काळवंडतं.

केमोआधी आलेल्या एका शिक्षिकेची बीजं मोजकीच मिळाली होती. उपचार लांबवणं शक्य नव्हतं. बरी होऊन ती परतली, तेव्हा त्यातलं एक माझ्या डोळ्यांसमोर गेलं. "ताई, बाकीची?" तिने एवढंच विचारलं. बाकीची तगली होती.

त्या दिवसांत मी गोठवणशास्त्रातले संशोधक पीटर मेझर यांच्या गटाचं २०१४चं काम पुन्हा वाचलं. उंदराच्या बीजांभोवती त्यांनी इंडिया इंक, म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण, मिसळले आणि लेझरचा झोत सोडला. कणांनी तो शोषला आणि मिनिटाला कोटी अंशांच्या वेगाने ऊब दिली. संरक्षक रसायनं तिप्पट पातळ करूनही जवळपास सगळी बीजं वाचली. पुढे २०१७मध्ये मिनेसोटात झेब्राफिशच्या भ्रूणांत सोन्याचे नॅनोरॉड टोचून असाच प्रयोग झाला.

मला शाईचा मार्ग जास्त पटतो. इक्सीसाठी, म्हणजे शुक्राणू थेट बीजात सोडण्यासाठी, आम्हीही बीजात सुई घालतो, पण सुई बाहेर येते. टोचलेलं सोनं आतच राहतं. बाहेर राहणारा, धुऊन निघणारा कण हवा. अशा लेझरने उबेला आणलेल्या बीजांपासून झालेली उंदराची पिल्लं आणि त्यांचीही पिल्लं निरोगी निघाल्याचं दिसायला हवं. तोवर माझ्या डिशमध्ये जुनीच द्रावणं राहतील. पण रसायन खरंच कमी करता आलं, तर पहिला फायदा मोजकी बीजं असलेल्यांना होईल. केमोआधी घाईने आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मुली त्यांतल्याच असतात.